घड्याळाचा वेग आणि दौंडचा मे महिना

प्रोसेसर कंपनीने सांगितल्यापेक्षा जास्त वेगाने कसा पळवायचा, त्याची कृती हवी म्हणून जो ही पुस्तिका उघडेल त्याला ती तिसऱ्या प्रकरणात मिळेल. मात्र तिथवर पोचेपर्यंत बहुतेकांना तिची गरज वाटेनाशी होईल, असा माझा अंदाज आहे. ओव्हरक्लॉकिंगबद्दल आपल्याकडे दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणजे, जमेल तेवढं ताणा, कंपनी मुद्दाम कमी वेग छापते. दुसरं म्हणजे, हात लावू नका, आता सगळं आपोआप होतं. पहिलं मत वीस वर्षांपूर्वी पुष्कळसं खरं होतं. दुसरं पुण्यातल्या एसी लावलेल्या खोलीत बऱ्यापैकी खरं आहे. दौंड, केडगाव, यवत, शिरूर या पट्ट्यात पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली चालणाऱ्या मशीनला दोन्ही जशीच्या तशी लागू पडत नाहीत. पुस्तिका लिहायला घेतली ती त्यासाठी.

आधी मूळ गोष्ट. प्रोसेसरच्या आत एक ठेका चालू असतो. चार गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला चारशे कोटी ठेके. दर ठेक्याला आतल्या कोट्यवधी स्विचांनी आपापली जागा घेऊन स्थिर व्हायचं असतं, आणि पुढचा ठेका पडण्याआधी ते झालं नाही तर उत्तर चुकतं. मशीन हँग होतं, निळा पडदा येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच न दिसता एखादी फाइल बिघडते. स्विच लवकर हलावेत म्हणून व्होल्टेज वाढवता येतं, पण मग उष्णतेचा हिशेब अंगावर येतो. चिपची वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग १० टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेजही १० टक्के वाढवावं लागलं, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे खर्च ३३ टक्क्यांनी वर. दहा रुपयांच्या मालाला तेहतीस मोजायचे, असा हा सौदा आहे, आणि या पुस्तिकेतलं जवळजवळ प्रत्येक पान या एका गुणाकारावर उभं आहे.

सिलिकॉनच्या एकाच चकतीतून कापलेल्या दोन चिपा सारख्या नसतात. एक थोड्या कमी व्होल्टेजवर भागवते, दुसरीला जास्त लागतं. कारखाना त्यांची चाचणी घेऊन गट पाडतो आणि गटातली सगळ्यात दुबळी चिपही जो वेग वर्षानुवर्षं पेलेल तो वेग सगळ्यांवर छापतो. मधलं जे अंतर राहतं त्यावर हाताने केलेलं ओव्हरक्लॉकिंग जगलं.

ते कसं जगलं याचं सगळ्यात देखणं उदाहरण १९९८ सालचं. इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर. आत ६६ मेगाहर्ट्झचा बस-वेग साडेचारपट करून ३०० मेगाहर्ट्झ. तो साडेचारचा आकडा, म्हणजे गुणक, कंपनीने कुलूपबंद केलेला होता, पण बस-वेग मदरबोर्डच्या हातात होता. तो ६६ वरून १०० केला की साडेचारपट म्हणजे सरळ ४५०. दीडपट. आणि पुष्कळशा चिपा हा ताण मुकाट्याने घेत, कारण कॅशे मेमरी त्याच चिपवर पूर्ण वेगाने चालणारी होती आणि आतला माल महागड्या पेंटियमच्याच जातीचा होता. थोड्या पैशांत वरच्या वर्गाचं मशीन. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांच्या मनातून ओव्हरक्लॉकिंग म्हणजे फुकटचा फायदा ही समजूत अजून गेलेली नाही. मग २००० च्या सुमारास एएमडीच्या अ‍ॅथलॉन आणि ड्युरॉनवर साध्या शिसपेन्सिलीने बारीक रेघा जोडून गुणक मोकळा करण्याची युक्ती निघाली. ग्राफाइट वीज वाहून नेतं, एवढ्यावर ती चालायची. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीला सुटे भाग घ्यायला जाणाऱ्या पिढीला जंपर, पेन्सिल, मोठा हीटसिंक हे शब्द तोंडपाठ असत.

कारखान्यालाही हा मोह सुटला नव्हता. २००० च्या जुलैअखेरीस एएमडीशी चाललेल्या शर्यतीत इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री घाईने बाजारात आणला आणि ऑगस्टमध्ये परत मागवला, कारण काही कामांत तो चुकत होता. म्हणजे छापलेला वेग नेहमी भरपूर राखून छापलेला असतो, हे तेव्हाही पूर्ण खरं नव्हतं.

बदल झाला तो २००८ च्या नोव्हेंबरात. इंटेलच्या पहिल्या कोअर आय७ मालिकेत टर्बो बूस्ट आलं. कल्पना सोपी आहे. चार कोअरपैकी दोन रिकामे बसले असतील तर त्यांच्या वाट्याची वीज आणि उष्णता उरलेल्या दोघांना वापरू द्या. आय७-९२० चा छापील वेग २.६६ गिगाहर्ट्झ, आणि परिस्थिती बरी असेल तर तो स्वतःहून १३३ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी वर चढे. २०१० मध्ये एएमडीने सहा कोअरच्या फिनॉममध्ये तसंच काही आणलं. सुरुवातीला या पायऱ्या इतक्या लहान होत्या की जुने हौशी हसत. २०११ च्या जानेवारीत आलेला आय७-२६००के स्वतःच्या बळावर ३.८ पर्यंत जायचा, आणि हाताने त्याच्याकडून साडेचार गिगाहर्ट्झ काढून घेणं अवघड नव्हतं. मात्र तेव्हापासून इंटेलने बस-वेगाची वाट जवळपास बंद केली आणि मोकळा गुणक 'के' अक्षराच्या महाग चिपांना दिला. पूर्वी स्वस्त चिप ताणून महाग चिपेचं काम काढायचं असे. आता ताणण्याच्या परवानगीचेच पैसे पडू लागले. ओव्हरक्लॉकिंगमधला गरिबाचा फायदा तिथे संपला, असं माझं मत आहे.

२०१७ मध्ये एएमडीचे रायझन आल्यावर पायऱ्या २५ मेगाहर्ट्झच्या झाल्या आणि निर्णय सेकंदाच्या हजाराव्या भागात होऊ लागले. चिपेत जागोजाग तापमान मोजणारे, विजेचा प्रवाह मोजणारे सेन्सर बसले. आत्ता किती कोअर कामात आहेत, किती वॅट ओढले जातायत, किती तापलंय हे पाहून चिप स्वतःच वेग आणि व्होल्टेज ठरवते, पुन्हा ठरवते, पुन्हा ठरवते. माणसाने रात्रभर जागून जे अंतर शोधायचं ते ती दर क्षणी शोधते आणि खाऊन टाकते. २०२२ च्या सप्टेंबरात आलेल्या रायझन ७००० मालिकेतल्या वरच्या चिपा तर जड कामात ९५ अंश सेल्सियसला जाऊन भिडतील अशाच बेताने बनवल्या होत्या. जागा शिल्लक दिसली की वेग वाढवायचा, ९५ ला पोचलं की थांबायचं.

याचा एक परिणाम नवख्यांना चटकन कळत नाही. रायझन ५ ५६००एक्स एक-दोन कोअरवर काम असताना ४.६ गिगाहर्ट्झला जातो. कोणी हौसेने सगळे कोअर हाताने ४.४ वर बांधून टाकले, तर सगळे कोअर लागणाऱ्या कामात थोडा फायदा होतो, पण टॅली उघडणं, ब्राउझर, फोटोशॉपमधला एखादा फिल्टर अशा एका कोअरवर चालणाऱ्या कामात मशीन आधीपेक्षा हळू होतं. वर रिकाम्या वेळीही व्होल्टेज खाली उतरत नाही ते वेगळंच. वेग वाढवायला गेला आणि कमी करून आला, असे नमुने दुरुस्तीच्या दुकानात येतात.

मग आपोआपच बरं, असं म्हणून पुस्तिका इथेच मिटता आली असती. पण चिपेतल्या त्या सगळ्या सेन्सरांना चिप कळते; ती कुठे ठेवली आहे हे कळत नाही.

दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. इंजिन ताशी किती धावू शकतं हे इंजिनाच्या कागदावर असतं. पण पुढच्या सेक्शनमध्ये कुठे रूळ दुरुस्तीला काढलेत, कोणत्या पुलावर वेग बांधलाय, हे लोको पायलटच्या हातात पडणाऱ्या कॉशन ऑर्डरवर असतं, आणि तो कागद इंजिन बनवणारा कारखाना लिहीत नाही. प्रोसेसरच्या बाबतीत हा कागद आपण लिहायचा आहे.

त्यावर काय काय लिहावं लागेल? पहिलं, खोली. हवेवर चालणारा कोणताही हीटसिंक चिपेला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. तो फक्त खोली आणि चिप यांच्यातला फरक आवाक्यात ठेवतो. समजा एका विशिष्ट कामात हा फरक ५० अंशांचा आहे. डिसेंबरात सकाळी २० अंशाच्या खोलीत चिप ७० वर बसेल आणि तिला वर चढायला भरपूर जागा दिसेल. मे महिन्यात दुपारी तीनला त्याच खोलीत ४२ अंश असले तर चिप ९२ वर, आणि कॅबिनेट भिंतीला चिकटून लाकडी खणात कोंबलेलं असेल तर त्याच्याही पुढे. चिप तीच, सेटिंग तेच, काम तेच. उन्हाळ्यात मशीन स्लो होतं, अशी गिऱ्हाईकाची तक्रार आपण दुरुस्ती करणारे व्हायरसच्या नावावर खपवतो. ती अनेकदा अक्षरशः खरी असते.

दुसरं, हवेतून काय येतं. आपल्या तालुक्यात गुऱ्हाळं पुष्कळ आणि साखर कारखानेही. हंगामात चिपाडाची, बगॅसची काजळी उडते ती साध्या धुळीसारखी फुंकरीने जात नाही. ती चिकट असते, हीटसिंकच्या पात्यांमध्ये थर धरते, आणि थर बसला की पंखा ओरडतो पण हवा पलीकडे जात नाही. ब्लोअर मारून भागत नाही. पंखा सोडवून, पाती ब्रशने घासून, पेस्ट बदलून लावावी लागते. एवढ्यानेच दहा-पंधरा अंश उतरलेली मशीनं मी पाहिली आहेत, आणि हे काम कोणत्याही ओव्हरक्लॉकिंगपेक्षा स्वस्त पडतं.

तिसरी, लाईट. शेतीपंपांची थ्री फेज सुरू झाली की वस्तीवरचं व्होल्टेज खाली बसतं हे ज्याच्या घरी ट्यूबलाइट लुकलुकते त्याला माहीत आहे. एसएमपीएसला, म्हणजे मशीनच्या पॉवर सप्लायला, तेवढेच वॅट पुरवायचे असतात, तेव्हा व्होल्टेज कमी झालं की तो जास्त अँपिअर ओढतो आणि स्वतः तापतो. चांगला एसएमपीएस हे सहन करतो. नाव नसलेला, वर ५०० वॅट छापलेला, हातात घेतला तर हलका लागणारा एसएमपीएस करत नाही. अशा वेळी चिपेने आपोआप बूस्ट घेऊन एकदम पन्नास-साठ वॅट जास्त मागितले की मशीन रिस्टार्ट होतं. दोष रॅमवर जातो, विंडोजवर जातो, कधी दुकानदारावरही जातो.

हे सगळं एकत्र पाहायचं असेल तर लग्नसराईत लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्या एखाद्या मिक्सिंगवाल्याकडे जावं. शूटिंग एप्रिल-मेमध्ये, डिलिव्हरीची घाईही तेव्हाच, आणि रेंडर दोन-दोन तास चालणारा. सहा कोअरचा आय५-१२४०० घेऊ, कारण आपल्याकडे हा फार विकला गेला. याची सततची मर्यादा ६५ वॅट, थोड्या वेळासाठीची ११७, आणि इंटेलच्या मूळ नियमाप्रमाणे तो थोडा वेळ म्हणजे २८ सेकंद. दोन तासांच्या रेंडरपुढे २८ सेकंदांचा बूस्ट म्हणजे काहीच नाही. पण पुष्कळ मदरबोर्ड ही २८ सेकंदांची अट गुपचूप उचलून टाकतात, कारण परीक्षणात आपला बोर्ड दोन टक्के पुढे दिसावा. म्हणजे ज्याला आपण चिपेचं स्वयंचलित शहाणपण समजतो त्यातला काही भाग बोर्ड विकणाऱ्याची हौस असते. आता डब्यातून आलेला छोटा पंखा, पत्र्याची खोली आणि भर दुपार. आलेखावर काय दिसतं? सुरुवातीला सगळे कोअर ४ गिगाहर्ट्झवर सरळ रेषेत. मग तापमान शंभराकडे सरकतं, रेषेला दात फुटतात, वेग खाली येतो, चिप थोडी थंड होते, वेग पुन्हा उसळतो, पुन्हा पडतो. पंखा शेवटपर्यंत कोकलत राहतो. बायोसमध्ये जाऊन दोन्ही मर्यादा ६५ वॅटवर बांधल्या की वेग चारच्या खाली एका जागी स्थिर राहतो, पंख्याचा आवाज बसतो, आणि रेंडर संपायची वेळ जवळपास तीच येते. ही चिप 'के' जातीची नाही, साध्या बोर्डावर तिला वर ताणता येत नाही. खाली बांधता मात्र येते, आणि आपल्या कामाचं तेच आहे.

या पुस्तिकेचं म्हणणं एवढंच आहे. हाताची गरज संपलेली नाही, तिची दिशा उलटली आहे. वर ढकलायचं काम चिप आपल्याहून चांगलं करते. कुठे थांबायचं, हे ठरवायचं काम आपलं.

हिशेब करून पाहा. रायझन ७ ७७००एक्स मूळ सेटिंगवर १४२ वॅटपर्यंत ओढू शकतो. बायोसमधल्या इको मोडमध्ये ६५ वॅटचा वर्ग निवडला की ही मर्यादा ८८ वर येते. फरक ५४ वॅटचा. रोज आठ तास जड काम धरलं तर महिन्याला सुमारे १३ युनिट. बिलात हे फार नाही, पण तेच ५४ वॅट इन्व्हर्टरवर आणि खोलीच्या गरम हवेत मोजा. बदल्यात जाणारा वेग इतका थोडा असतो की गिऱ्हाईकाला घड्याळ लावल्याशिवाय कळत नाही. याचं कारण वरचा गुणाकार उलटा वाचला की सापडतं: शेवटच्या काही टक्के वेगासाठीच सगळ्यात जास्त वीज जाते. आणखी पुढे जायचं असेल तर तोच वेग ठेवून व्होल्टेज थोडं खाली आणता येतं. रायझन ५००० पासून कर्व्ह ऑप्टिमायझर नावाने ही सोय बायोसमध्येच आहे. यात जुन्या ओव्हरक्लॉकिंगचं सगळं कसब जसंच्या तसं लागतं. एकेक पायरी बदलणं, तासन्‌तास चाचणी, एखाद्या कोअरचा लहरीपणा ओळखणं. फळ मात्र उष्णतेत मोजायचं.

पुण्याचंच एक उदाहरण इथे आठवतं. २००७ च्या नोव्हेंबरात टाटा सन्सच्या कंपनीने पुण्यात उभारलेला 'एका' हा महासंगणक जगातल्या पहिल्या पाचशेंच्या यादीत चौथा आला, ११७.९ टेराफ्लॉप वेगाने. हजारो झिऑन प्रोसेसर एकत्र राबत होते. अशा यंत्रात एखादा प्रोसेसर चार टक्के जास्त पळाला तर त्याचा उपयोग नसतो, कारण एकत्र सोडवायच्या गणितात सगळे सगळ्यात हळू असलेल्यासाठी थांबतात. तिथे सारखेपणाला किंमत आहे, उसळीला नाही. दोन तासांच्या रेंडरचं गणितही याच्याच जवळ जातं. उसळी लागते ती क्षणात संपणाऱ्या कामाला.

आपोआपवर आंधळा विश्वास टाकू नये याचं मोठं कारण मात्र २०२४ ने दिलं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या वरच्या चिपा हळूहळू अस्थिर होऊ लागल्या. गेम बंद पडायचे, फाइल उलगडताना चुका यायच्या. लोकांनी रॅम बदलली, ग्राफिक्स कार्डं बदलली. जुलैमध्ये कंपनीने मान्य केलं की चिपेला व्होल्टेज ठरवून देणारं मायक्रोकोडच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होतं. ऑगस्टपासून दुरुस्त्या आल्या, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. पण एकदा झिजलेली चिप बायोस अपडेटने बरी होत नाही. यातल्या कितीतरी मालकांनी आयुष्यात बायोस उघडलं नसेल. जुन्या काळी अतिव्होल्टेजने चिप मारायला एखादा उत्साही माणूस लागायचा. इथे ते काम कारखान्यातून ठरून आलेल्या आकड्यांनी केलं. म्हणून जुनं मशीन घेताना त्या पिढीची आय७ किंवा आय९ दिसली तर बायोसची तारीख आधी पाहावी, किंमत नंतर.

रॅमच्या बाबतीत थोडक्यात. एक्सएमपी किंवा एक्सपो ही रॅमची तयार सेटिंग चालू करणं हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे, फक्त कोणी तसं म्हणत नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये काही रायझन ७८००एक्स३डी सॉकेटमध्येच जळले, तेव्हा रॅमच्या तयार सेटिंगबरोबर बोर्ड चिपेच्या एका भागाला जास्त व्होल्टेज देत असल्याचं निघालं आणि एएमडीला १.३ व्होल्टची सीमा घालावी लागली. पाचव्या प्रकरणात याचा तपशील आहे.

विक्रमांसाठी ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. २०११ मध्ये एएमडीचा एफएक्स-८१५० द्रवरूप हेलियमने गारठवून ८.४ गिगाहर्ट्झवर नेला गेला, तो खेळ पाहायला सुंदर होता. त्यावर या पुस्तिकेत एकही प्रकरण नाही, एवढंच.

वापरण्याविषयी एक सूचना. इथे दिलेले आकडे जसेच्या तसे उतरवू नका. प्रत्येक चिप वेगळी, प्रत्येक खोली वेगळी. चाचणी दिवाळीनंतरच्या थंडीत घेऊन सेटिंग पक्कं करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचीच मशीनं एप्रिलमध्ये परत येतात. मशीन जिथे राहणार तिथे, त्याच खणात, झाकण लावून, दुपारी चाचणी घ्यावी. मे मिळाला तर उत्तम. नाहीच मिळाला तर मेमध्ये खोली किती अंशांनी जास्त तापेल तेवढा फरक चिपेच्या तापमानात मिळवून पाहावा. हा हिशेब ढोबळ आहे, पण शून्यापेक्षा बरा.

लॅपटॉपचं प्रकरण सगळ्यात लहान आहे, आणि ते मी मुद्दाम केलेलं नाही. लॅपटॉपला व्होल्टेज कमी करणं सगळ्यात जास्त उपयोगाचं, कारण त्याला श्वास घ्यायला जागाच नसते. पण २०१९ च्या डिसेंबरात संशोधकांनी दाखवून दिलं की व्होल्टेज सॉफ्टवेअरमधून खाली खेचून चिपेकडून मुद्दाम चुका करवता येतात आणि तिने सुरक्षित जपलेली माहिती बाहेर काढता येते. त्या हल्ल्याला प्लंडरव्होल्ट नाव पडलं. त्यानंतर इंटेलच्या चिपा असलेल्या बऱ्याच लॅपटॉपांमध्ये ही सोय बायोस अपडेटने कुलूपबंद झाली. कारण खरं आहे, त्याबद्दल वाद नाही. तरी दौंडहून पुण्याला रोज लोकलने जाणाऱ्या, मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करणाऱ्या माणसाच्या हातात उरतं ते एवढंच: विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के करणं. अनेक मशीनवर एवढ्याने बूस्ट पूर्ण बंद होतं आणि पंखा शांत होतो. कुठल्या मशीनवर होतं आणि कुठल्यावर नाही, हे प्रत्येकाला करूनच पाहावं लागेल. एका मिनिटाचं काम आहे आणि परत १०० करायलाही तेवढाच वेळ लागतो.